टोपड्याखालचं कुंकू

डॉक्टर अनुराधा दातार ही माझी मैत्रीण. एडिनबरामध्ये आम्ही दोघी एकाच गल्लीत राहतो, आणि इतकी वर्षं झाली तरी रोज एकदा भांडल्याशिवाय आम्हाला चहा गोड लागत नाही. तिच्याबद्दल सांगायचं तर मी, सुलक्षणानेच सांगावं. बाकीचे लोक तिचं कौतुक करतात. मी खरं सांगते.

मिरजेला एमबीबीएस केलं, लग्न झालं, नवऱ्यामागोमाग इथे आली आणि हॉस्पिटलच्या ए अँड ईला चिकटली ती रिटायर होईपर्यंत. ए अँड ई म्हणजे पडलेलं, आपटलेलं, मोडलेलं माणूस पहिल्यांदा जिथे नेतात ती जागा. हिचा हात सोन्याचा आणि जीभ कात्रीची. निखळलेला खांदा ती पेशंटशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता जागेवर बसवायची. तो ओरडायला तोंड उघडायचा तोवर काम झालेलं असायचं. रक्त बघून मला घेरी येते, आणि ही रक्ताने भरलेला एप्रन काढून, हात धुऊन, त्याच तावात सँडविच खायची. पण अशा या वाघिणीला जगात एकाच गोष्टीची धास्ती होती. रग्बीची.

त्याला कारणही तसंच होतं. शनिवारी दुपारी मॅचेस संपल्या की हिच्याकडे रांग लागायची. कोणाचा कॉलरबोन, कोणाचं नाक, कोणाची दोन बोटं भलत्याच दिशेला. "सुलक्षणा, हा खेळ नाही," ती म्हणायची, "ही आमच्या डिपार्टमेंटची सप्लाय लाइन आहे."

आणि देवाची करणी बघा, हिच्याच पोटी वरदा यावी!

वरदा नऊ-दहा वर्षांची असेल. शनिवारी सकाळी ती आणि तिचे बाबा स्विमिंगला जायचे आणि ओल्या केसांनी परत यायचे. चंद्रशेखर म्हणजे गरीब गाय. बँकेत कॉम्प्युटरचं काम, घरात मौन. एक अख्खी टर्म हे स्विमिंग चाललं. मग एका शनिवारी अनुराधा पोरीची वेणी घालायला बसली आणि तिला कानामागे वाळलेला चिखल दिसला.

"स्विमिंग पूलमध्ये चिखल कुठून आला गं?"

चंद्रशेखर ताबडतोब कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेला. त्या दिवशी बिन न्यायला कोणी येणारच नव्हतं.

घरात काय महाभारत झालं म्हणता! मी चहाला म्हणून गेले होते, ती तशीच दारात उभी राहिले. अनुराधा ओरडत होती, आणि वरदा, तेवढीशी पोर, अजिबात रडली नाही. म्हणाली, "आई, डान्स क्लासमध्ये मला मागे उभी करतात, कारण मी मोठी दिसते. रग्बीमध्ये मला सगळ्यात पुढे उभी करतात. तिथे सगळे म्हणतात, गुड, यू आर स्ट्राँग."

यावर कोणती आई नाही म्हणणार? अनुराधाने वेणी पुरी केली. मग तिने दोन अटी घातल्या. एक, डोक्याला ती मऊ पॅडची टोपी बांधूनच खेळायचं. तिला स्क्रम-कॅप म्हणतात. मी टोपडं म्हणते, कारण दिसते अगदी बाळाच्या टोपड्यासारखी, हनुवटीखाली बंद वगैरे. आणि दुसरी अट, "मला मॅच बघायला बोलवायचं नाही."

दुसऱ्या अटीचं कारण तिने मला एकदाच सांगितलं. एका शनिवारी मानेला मार लागलेली एक मुलगी आली होती. स्कॅनचा रिपोर्ट येईपर्यंत तिची आई बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होती. मुलगी पुढे बरी होऊन आपल्या पायांनी घरी गेली, पण त्या आईचा चेहरा काही अनुराधाच्या डोळ्यांपुढून हलला नाही. "मी त्या बाईला पाणी नेऊन दिलं, तर तिला ग्लास धरता येईना. मला त्या खुर्चीत बसायचं नाहीये, सुलक्षणा."

तेव्हापासून दातारांच्या घरी मॅचच्या दिवसाचा रिवाज ठरून गेला. सकाळी वरदाच्या हातावर दही-साखर, कपाळावर कुंकवाचा टिळा. तो टिळा पोरगी कारमध्ये बसल्या बसल्या पुसायची. चंद्रशेखर त्यासाठी ओले वाइप्स ठेवायचा, आणि हे अनुराधाला ठाऊक नाही असं त्या दोघांना वाटायचं. संध्याकाळी वरदा घरात शिरली की आईचा पहिला प्रश्न, "हातपाय दाखव." मग पोरीने दोन्ही हात पुढे करायचे. अनुराधा एकेक बोट वाकवून बघणार, कॉलरबोन चाचपणार, डोळ्यांत टॉर्च मारणार, आणि मग जेवायला वाढणार. कोण जिंकलं हे तिने एकदाही विचारलं नाही. वरदा आपली जेवता जेवता बापाला सांगायची, जरा मोठ्याने, आईच्या कानावर पडेल असं. मला त्या पोरीची फार दया यायची.

बघता बघता पोरगी मोठी झाली, फिजिओथेरपी शिकली, आणि स्कॉटलंडच्या टीमबरोबर प्रॅक्टिस करू लागली. आता इथे दर वर्षी वसंतात बायकांच्या रग्बीची सिक्स नेशन्स स्पर्धा असते. स्कॉटलंड, इंग्लंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, इटली. सहा देशांच्या पोरी एकमेकींना भिडतात, टीव्हीवर दाखवतात, पबमध्ये लोक आरडाओरडा करतात. दोन वर्षं वरदा प्रॅक्टिसला असायची, पण मॅचच्या टीममध्ये काही नाव यायचं नाही. अनुराधा वरवर म्हणायची, "बिचारी." आत कुठेतरी तिला हायसं वाटत असणार.

आता चैत्रगौर. अनुराधाच्या घरचं चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे इथल्या मराठी बायकांचा मोठा सण. झोपाळ्यात गौर, कैरीची डाळ, वेलची घातलेलं पन्हं, भिजवलेले हरभरे. लीथ वॉकवरच्या दुकानातून कैऱ्या येतात, चंद्रशेखर त्या किसतो. माझे यजमान गेले, त्यानंतरच्या चैत्रात मी आपली घरी बसून होते. ही तरातरा आली, मला हाताला धरून घेऊन गेली, आणि सगळ्या बायकांच्या देखत पहिलं कुंकू मला लावलं. कोणाची टाप होती बोलायची? तेव्हापासून तिच्या घरचं पहिलं कुंकू माझं असतं. म्हणून तर तिची कात्री मी ऐकून घेते.

त्या वर्षी हळदीकुंकू शनिवारी ठरलं होतं. गुरुवारी आम्ही दोघी तिच्या किचनमध्ये हरभरे निवडत बसलो होतो, तेवढ्यात वरदाचा फोन आला. अनुराधाने स्पीकरवर टाकला.

"आई, मी टीममध्ये आहे! इटलीविरुद्ध, या शनिवारी, इथेच एडिनबराला. बेंचवर आहे, पण शेवटी मला आणणार, कोचने प्रॉमिस केलंय." पोरीचा आवाज नुसता नाचत होता. मग हळूच म्हणाली, "आई, तुझी अट मला माहितेय. पण माझी पहिली मॅच आहे स्कॉटलंडसाठी. तू येशील?"

अनुराधा हरभऱ्यांकडे बघत राहिली. "अगं, शनिवारी हळदीकुंकू आहे ना. पस्तीस बायका यायच्यात."

"ओके," वरदा म्हणाली. "ओके, आई. नो वरी. टोपी घालीन मी."

फोन बंद झाला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत आठवायला लागले. मागच्या वर्षीचं हळदीकुंकू कधी होतं? फ्रान्सची मॅच इथे होती त्या शनिवारी, मॅचच्या गर्दीमुळे बायका उशिरा पोचल्या होत्या. त्याच्या आधीच्या वर्षी? तेही तसंच. म्हणजे ही बया दर वर्षी आधी मॅचेसच्या तारखा बघत होती आणि मग गौर बसवत होती! न जाणो पोरगी टीममध्ये आलीच, तर कारण तयार.

"अनुराधा," मी म्हटलं, "गौरीच्या पदराआड लपताना लाज नाही वाटली तुला?"

"तू गप्प बस."

"नाही बसत. पोरीने 'ओके' म्हटलं ते ऐकलंस ना?"

"तिला काही झालं आणि मी बघितलं तर?"

"आणि काही झालं नाही, छान खेळली, तर? तेही तू बघायचं नाहीस?"

ती हातातला हरभरा नुसता चोळत राहिली, त्याचं साल निघालं तरी. "मला भीती वाटते गं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. माझाही आवाज खाली आला.

"वाटू दे," मी म्हटलं. "मी शेजारी बसते. डोळे मिटून बस हवं तर, पण ये."

मग मी पदर खोचला आणि फोन हातात घेतला. ग्रुपवर टाकलं, 'हळदीकुंकू सकाळी दहाला. नंतर सगळ्यांनी वरदाच्या मॅचला. साडीवर जाड जाकीट घाला. जिला रग्बी आवडत नाही तिने डाळ खाऊन घरी जावं.' घरी कोणीच गेली नाही. ग्लासगोची रश्मी तर स्कॉटलंडच्या निळ्या रंगाची पैठणी नेसूनच आली. तिला रग्बीतलं सगळं कळतं; मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मरेफिल्डच्या मोठ्या स्टेडियमशेजारी एक धाकटं स्टेडियम आहे, तिथे मॅच होती. आम्ही पस्तीस जणी आणि मागून थर्मास उचललेला चंद्रशेखर ट्राममधून उतरलो तेव्हा लोक वाट देऊन उभे राहिले. गेटवर केशरी जाकीटवाले एक आजोबा पिशव्या तपासत होते. थर्मास आत न्यायचे नाहीत म्हणाले. मग आम्ही तिथेच बाहेर गवतावर पन्हं वाटून संपवलं, आजोबांनाही पाजलं. त्यांनी हरभऱ्यांचा डबा उघडून बघितला, कोयरीतलं हळदकुंकू बघितलं, आणि म्हणाले, "जा बाई आत. तुमच्यासाठी नियम कुठे लिहिलेत ते मला माहीत नाही."

टीमची बस येते तेव्हा दोन्ही बाजूंना घरची माणसं उभी असतात. वरदा कानाला हेडफोन लावून उतरली, आणि समोर आई! पोरीची पावलं तिथेच थबकली.

"तू आलीस?"

"बोलू नकोस, हात पुढे कर," अनुराधा म्हणाली. दह्याचा चमचा हातावर घातला. मग कोयरी उघडली. आता साधा टिळा लावायचा की नाही? पण नाही. बाईसाहेब डॉक्टर. पावसाची भुरभुर चालू होती, टिळा टिकायला हवा, म्हणून आधी कपाळाला बोटभर व्हॅसलीन फासलं आणि त्यावर चांगलं रुपयाएवढं कुंकू दाबून बसवलं. "पुसू नकोस."

"नाही पुसणार," वरदा म्हणाली. आणि त्या दिवशी खरंच नाही पुसलं. वरून टोपडं चढवलं, आणि कुंकू गेलं झाकून.

मॅच सुरू झाली आणि अनुराधाने डोळे मिटले. एका हाताने तिने माझं मनगट धरलं होतं, ते इतकं घट्ट की मला वाटलं आता मलाच ए अँड ईला न्यावं लागणार. मी जमेल तशी कॉमेंट्री करत होते. "आता सगळ्या एकीच्या अंगावर पडल्या. आता उठल्या. आता बॉल मागे टाकला, का ते विचारू नकोस." पलीकडून रश्मी माझ्या चुका दुरुस्त करत होती. कधी इटली पुढे, कधी स्कॉटलंड. शेवटी आपण दोनच पॉइंटांनी पुढे होतो आणि घड्याळात थोडीच मिनिटं उरली होती, तेव्हा लाउडस्पीकरवर वरदाचं नाव घेतलं. आम्ही पस्तीस जणींनी अशी बोंब ठोकली की पुढच्या रांगेतल्या बाईची कॉफी सांडली.

"आली, अनुराधा, आली! उघड डोळे."

"नाही."

वरदा प्रॉप आहे. म्हणजे सगळ्यात पुढच्या ओळीत वाकून, समोरच्या टीमच्या खांद्याला खांदा भिडवून ढकलायचं. मागून बाकीच्या पोरी हिला ढकलणार. इकडच्या आठ, तिकडच्या आठ. याला स्क्रम म्हणतात. पहिला स्क्रम झाला. दुसरा झाला. पोरी उठल्या आणि एकदम शिट्टी वाजली. रेफरी वरदाकडे बोट दाखवत होती. मी मोठ्या स्क्रीनकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई!"

अनुराधाने डोळे उघडले. अख्ख्या मॅचमध्ये पहिल्यांदा उघडले, आणि समोर स्क्रीनवर तिच्या लेकीचा चेहरा, टोपड्याखालून नाकावरून हनुवटीपर्यंत लालेलाल.

 अनुराधा एका झटक्यात उठली. निऱ्या हातात धरून ती पायऱ्या उतरत धावली, मी तिच्यामागे. खाली कठड्याशी तेच केशरी जाकीटवाले आजोबा. "मी डॉक्टर आहे. मी तिची आई आहे," ही त्यांना सांगत होती, आणि तिचा आवाज तिचा वाटतच नव्हता. मैदानात टीमची डॉक्टर वरदाचं टोपडं सोडवत होती. अनुराधा कठड्यावरून जितकं वाकता येईल तितकं वाकली, डोळे बारीक केले. आणि मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. मी तिला जवळ घेतलं, तर ही हसतेय!

"सुलक्षणा, रक्त असं दिसत नाही गं. जन्मभर बघितलंय मी. ते माझं कुंकू आहे!"

व्हॅसलीन घामाने वितळलं होतं, वर पाऊस, आणि टोपड्याखालून सगळं कुंकू वाहत खाली आलं होतं. टीमची डॉक्टर गॉझने पुसतेय, पुसतेय, गॉझ लाल होतोय आणि जखम काही सापडत नाही. तिने रेफरीकडे बघितलं. रेफरीने वरदाकडे बघितलं. वरदाने सरळ आमच्याकडे बोट केलं. "इट्स माय मम," ती म्हणाली असणार, कारण कॅमेरा वळला आणि मोठ्या स्क्रीनवर दिसली ती अनुराधा, एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात कोयरी. सगळं स्टेडियम हसलं. रेफरीसुद्धा हसली. वरदाने तोंड पुसलं, टोपडं बांधलं आणि जागेवर गेली.

आजोबांनी आम्हाला वर पाठवलं नाही. "इथेच उभ्या राहा," म्हणाले, "इथून छान दिसतं."

आणि नेमका आमच्या पुढ्यातच शेवटचा स्क्रम लागला. जिच्यापलीकडे त्यांनी बॉल टेकवला की त्यांचे पॉइंट, ती आपली रेषा अगदी चार पावलांवर, आणि बॉल इटलीचा. रश्मी वरून ओरडून सांगत होती की हा गेला तर मॅच गेली. मी देवाचं नाव घेतलं. शेजारी बघितलं तर अनुराधाचे डोळे टक्क उघडे.

"पाठ सरळ!" ती ओरडली. "वरदा, पाठ सरळ ठेव! मान वर! आता ढकल! ढकल गं माझ्या राणी, ढकल!"

वरून बाकी सगळ्या जणींनी ते उचललं. ढकल, ढकल, ढकल! शेजारचे स्कॉटिश लोकही काय म्हणताहेत ते न कळता ढकल ढकल ओरडू लागले. आणि ती आठ पोरींची गाठ हलली. आधी वीतभर, मग हातभर, मग इटलीच्या पोरी मागे सरकत सरकत कोलमडल्या. शिट्टी वाजली. रेफरीचा हात आपल्या बाजूने वर गेला. कोणीतरी बॉल लाथेने बाहेर घालवला आणि मॅच संपली. आपण जिंकलो होतो. अनुराधा माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले, आणि आजोबांनी टोपी काढून डोळे पुसले, ते पावसामुळे असेल.

मॅच संपल्यावर पोरी कठड्याशी येतात, लोकांना भेटतात. आमच्या बायकांनी तोवर तिथेच हळदीकुंकू मांडलं होतं. वरदाच्या शेजारी खेळणारी सोनेरी केसांची पोरगी कपाळ पुढे करून म्हणाली, मलाही ते खोटं रक्त लाव. तिला लावलं, मग रांगच लागली. इटलीची एक धिप्पाड प्रॉपही आली, आधी जरा लाजत, मग चक्क हात जोडून. सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना मूठमूठ हरभरे. कुठला देश, कुठली टीम, गौरीला त्याचं काय?

वरदा सगळ्यात शेवटी आली. कानामागे चिखल, हनुवटीला खरचटलेलं. तिथे मात्र खरं रक्त होतं, थोडंसं. आईसमोर उभी राहिली आणि सवयीने, काही न बोलता, तिने दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरून. तपासणीसाठी.

अनुराधाने त्या हातांकडे बघितलं. मग डब्यात हात घालून तिने हरभऱ्यांची भरभरून ओंजळ घेतली आणि लेकीच्या हातांत ओतली.

"हातपाय बघायचे नाहीत?" वरदाने विचारलं.

"काय बघायचंय त्यात?" अनुराधा म्हणाली. "सगळं बघितलं मी."